‘लावलं’ या एका शब्दासाठी

जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या भाषांतरकारांच्या यादीत माझे नाव होते, पण मला कधी बोलावणे आले नव्हते. २०२४ च्या पावसाळ्यात एका शुक्रवारी संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावत असताना बाल कल्याण समितीच्या एका सदस्यांचा फोन आला. त्या म्हणाल्या, “बाई, मुलगी मराठीच बोलते, पण आमची मराठी नव्हे. घाटावरची आहे. अर्धे कळते, अर्धे निसटते. तुम्ही याल का?” गोव्यातल्या बार्देश तालुक्यात, मराठी प्राथमिक शाळांत मी ३१ वर्षे शिकवले आहे, आणि त्यातली शेवटची बरीच वर्षे माझ्या वर्गातली निम्मी मुले रस्त्यांच्या आणि इमारतींच्या कामांवर आलेल्या घाटावरच्या मजुरांची असत. ती बोली मला त्या मुलांनी शिकवली होती. मी छत्री घेतली आणि निघाले.

त्या मुलीचे नाव, गाव, जिल्हा मी लिहिणार नाही. बाल न्याय कायद्याचे ७४ वे कलम आणि लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांना संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याचे २३ वे कलम तशी परवानगी देत नाही, आणि परवानगी असती तरी मी लिहिले नसते. ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत. तिची वाक्ये मात्र तिचीच आहेत. ती तशीच राहावीत एवढ्यासाठी मी त्या दिवसापासून बरेच हेलपाटे घातले.

मी पोहोचले तेव्हा ती बाकावर अगदी कडेला बसली होती. अनवाणी पाय चिखलाने भरलेले होते, आणि हातात अबोलीची एक ओबडधोबड फाती होती. फाती म्हणजे गजरा. आमच्याकडे अबोलीच्या फाती इतक्या घट्ट आणि एकसारख्या विणतात की दोरा दिसत नाही. या फातीत जागोजागी दोरा दिसत होता. ती तिने स्वतः विणली होती, आणि महिला उपनिरीक्षकांनी मायेने मागूनही तिने ती हातातून सोडली नव्हती.

माझ्या आधी तिची प्राथमिक माहिती कागदावर आली होती. समितीच्या सदस्यांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला. इंग्रजीत तीनच ओळी होत्या. मुलगी विवाहित आहे, नवऱ्याचे घर सोडून पळून आली आहे, तिच्या मामाने तिला गोव्यात आणले आहे. लिहिणाऱ्याने मुद्दाम काही चुकीचे लिहिले असे मी म्हणणार नाही. त्याने तिला कोंकणीत विचारले होते, “तुजो घोव खंय?” घोव म्हणजे नवरा हे तिला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. समोरचा गणवेशातला माणूस काही विचारतो आहे एवढेच तिला कळले, आणि भीतीने तिने मान हलवली. त्या एका होकाराने कागदावर तिला नवरा मिळाला.

मी तिला फक्त एवढेच म्हटले, “मी शाळेतली बाई आहे. तू बोल, मी ऐकते. तू म्हणशील तेच सांगेन, त्यात माझे काही घालणार नाही.” बराच वेळ ती काही बोलली नाही. मग कागदाकडे बोट करून म्हणाली, “त्यात काय लिवलंय?” मी वाचून अर्थ सांगितला. ती पहिल्यांदाच ताठ बसली. “मी पळून नाही आले, बाई. मी सुटून आले.”

पळणे हे क्रियापद मराठीत चोरालाही लागते, सशालाही लागते आणि कुणाचा हात धरून घर सोडलेल्या मुलीलाही लागते. इंग्रजीत जाताना यातला तिसराच अर्थ पुढे झाला होता, आणि त्या अर्थाने ती मुलगी गुन्ह्याला बळी पडलेली न राहता, घर मोडून आलेली ठरत होती. मी समितीला सांगितले की हा शब्द बदलावा लागेल. त्यांनी लगेच नवा जबाब घ्यायचे ठरवले. उपनिरीक्षक साध्या सलवार-कमीजमध्ये होत्या, कारण पोक्सोच्या २४ व्या कलमानुसार मुलाचा जबाब घेताना गणवेश चालत नाही. त्याच कलमानुसार मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. त्या रात्री तिची व्यवस्था मुलींच्या गृहात झाली. जबाब दुसऱ्या दिवशी सकाळी, तिथेच, चहा आणि पाव खाऊन झाल्यावर सुरू झाला.

तिची हकीकत तुकड्यातुकड्यांनी आली. मी ती इथे क्रमाने लावते. वडील ऊसतोडीला गेलेले असताना वारले, आई त्यानंतर दोन वर्षांनी आजाराने गेली. ती चुलत्याकडे वाढली, आठवीपर्यंत शिकली. पुढे एक स्थळ आले. मुलाचे गोव्यात हॉटेल आहे, हुंडा नको, उलट लग्नाचा खर्च तेच करणार. गावापासून दूर, दुसऱ्या तालुक्यातल्या एका देवळाच्या ओवरीत, पंधरा-वीस माणसांत लग्न लागले. ती म्हणाली, “भटजी म्हनले, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. तर एक मानूस आला आन् त्यानं माझा दंड धरला. मी त्याला कधी बघितलं नव्हतं. माझ्या आईला भाऊच नव्हता, बाई.”

मी हे वाक्य सांगितले आणि खोलीत कुणी काही बोलेना. आदल्या दिवशीच्या कागदात मामा या शब्दाचे भाषांतर आईचा भाऊ असे झाले होते. मी तिथे गेले नसते तर जगात नसलेल्या एका नातलगाचा शोध सुरू झाला असता, आणि खरा दलाल मोकळा राहिला असता. त्या माणसाला सगळे मामाच म्हणत होते, आणि गोव्यातल्या खोलीत तिला ज्या बाईच्या ताब्यात ठेवले तिला मावशी. या धंद्याने आपल्या भाषेतली सर्वांत मायेची नाती उचलली आहेत. तेव्हापासून मी जबाबात असा प्रत्येक शब्द अवतरणात ठेवायचा आग्रह धरते आणि पुढे विचारून घेते की हा सख्खा की म्हणायचा.

गोव्यात लग्न ठरले की माणसे विचारतात, “सह्या जाल्या?” इथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याप्रमाणे वधूवरांना नागरी निबंधकासमोर जाऊन आधी एक सही करावी लागते, मग पंधरा दिवस सूचना लागते, कुणाची हरकत आली नाही तर दुसरी सही होते, आणि या सगळ्याच्या आधी दोघांचे जन्मदाखले मागितले जातात. उपनिरीक्षकांनीही तोच प्रश्न विचारला. सही झाली नव्हती, आणि मला वाटते ती कधी होणारही नव्हती. जिथे कुणी दाखला मागत नाही अशा ओवरीत लग्न उरकायचे आणि मग सीमा ओलांडायची, हीच यातली युक्ती होती. मंगळसूत्र आणि मोबाइलमधला फोटो एवढाच पुरावा, आणि वाटेत कुणी अडवलेच तर बायको आहे म्हणून सांगायला तो पुरतो.

त्या खोलीतल्या आठ दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. त्यातले जे सांगायचे ते तिने जिथे सांगायला हवे तिथे सांगितले आहे. सुटका कशी झाली ते मात्र तिने मला तीन वेळा सांगितले, आणि दरवेळी सांगताना तिचा आवाज वेगळा लागे.

खोली किनाऱ्यालगतच्या एका गावात होती. दाराला बाहेरून कडी आणि आतून कुलूप, किल्ली मावशीच्या कमरेला. तिच्या चपला कपाटात बंद होत्या. दिवस तिला आवाजांवरून कळे. सकाळी पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की मावशी कुलूप काढी, पाव घेई, सुटे पैसे देई आणि पुन्हा कुलूप लावी. सुटे पैसे दाराशेजारच्या फडताळावरच्या डब्यात असत. आठव्या रात्री तिने फोनवरचे बोलणे ऐकले, की उद्या संध्याकाळी तिला दुसरीकडे न्यायचे आहे आणि तिथून परत आणायचे नाही. त्या रात्री मावशी झोपल्यावर तिने डब्यातली सगळी नाणी आणि दहाच्या नोटा काढून ओढणीच्या टोकाला बांधल्या. नाण्यांचा आवाज होऊ नये म्हणून प्रत्येक नाणे आधी पिठाच्या डब्यात दाबून मग बाहेर काढले. हे सांगताना तिने मला चिमटीने करून दाखवले.

सकाळी भोंगा वाजला. मावशीने कुलूप काढले, पाव घेतले, डब्यात हात घातला, तो रिकामा. पोदेर मोठी नोट घेईना. आतल्या खोलीतली पर्स आणायला मावशी वळली, आणि दार उघडे राहिले. “मी पोदेराकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. तो काही बोलला नाही, सायकल जरा बाजूला घेतली.” पाऊस कोसळत होता. ती अनवाणी धावत रस्त्यावर आली. देवनागरीत ‘म्हापसा’ लिहिलेली पाटी तिला वाचता आली, कारण गोव्यात आणताना तिला त्याच स्टँडवर उतरवले होते. बसचे भाडे तिने ओढणीची गाठ सोडून दिले. वाहकाच्या हातावर पीठ सांडले.

तो शुक्रवार होता. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ज्याने पाहिला आहे त्याला कळेल की लपायला त्याहून चांगली जागा नाही. मातीची मडकी, मयड्याची केळी, सुक्या मासळीच्या पाट्या, पावसासाठी ताणलेले निळे प्लास्टिक आणि त्याखाली माणसांची दाटी. ती फुलवाल्यांच्या रांगेत येऊन थांबली, कारण तिथे सगळ्या बायका होत्या. एका पेडण्याच्या फुलवालीने तिच्या पायांकडे पाहिले आणि म्हणाली, “बस गो बाय हांगा.” हांगा म्हणजे इथे; ते तिला कळले नाही, बस कळले. फुलवालीने तिला टोपलीच्या मागे बसवले, डोक्यावरून आपले प्लास्टिक ओढले आणि हातात अबोली आणि दोरा दिला. थोड्या वेळाने दुचाकीवरून आलेला एक माणूस रांगेतून गेला, परत फिरला, आणि फुलवालीला विचारू लागला की इथे एक मुलगी आली होती का. तिने मान वर न करता विचारले, “फाती जाय?” म्हणजे, गजरा हवा का? तो निघून गेल्यावर तिने शेजारच्या दुकानदाराकडून १०९८, मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक, लावून घेतला.

पुढचे टप्पे मी भराभर सांगते. वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरांनी केली. मी दाराबाहेर उभी राहून प्रश्न आत पोहोचवले. दलाल आणि ‘मावशी’ चार दिवसांत सापडले, ‘नवरा’ नंतर. भारतीय न्याय संहितेचे १४३ वे कलम, पोक्सो, अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, बालविवाह प्रतिबंध कायदा आणि गोव्याचा स्वतःचा २००३ चा बाल कायदा अशी कलमे लागली. खरा अडथळा आला तो वयाचा.

तिसऱ्या आठवड्यात चुलता आला. त्याच्याकडे आधार कार्ड होते आणि त्यावरून मुलगी १९ वर्षांची होत होती. “आमची पोरगी आहे, आम्ही घेऊन जातो. झालं ते झालं,” असे तो म्हणाला तेव्हा ती माझ्या खुर्चीच्या मागे उभी होती आणि खुर्चीची पाठ तिने इतकी घट्ट धरली होती की मला ती हलताना जाणवत होती. बाल न्याय कायद्याच्या ९४ व्या कलमात वय ठरवण्याचा क्रम स्पष्ट आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि हे दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार या क्रमात नाही. समितीने तिच्या जिल्हा परिषदेच्या शाळेकडून जनरल रजिस्टरचा उतारा मागवला. तो आला आणि माझ्या पोटात गोळा आला. जन्मतारीख १ जून.

ज्यांनी महाराष्ट्रात किंवा सीमाभागात शिकवले आहे त्यांना १ जून म्हणजे काय ते सांगायला नको. पालकांकडे दाखला नसला की पहिलीत नाव घालताना गुरुजी वय अंदाजाने धरून १ जून लिहीत. एकेका वर्गात दहा-दहा मुलांचा वाढदिवस त्या दिवशी. मीही लिहिली आहे ती तारीख. वर्ग भरायचा असे, आई दारात मूल घेऊन उभी असे आणि पुढे कधी त्या तारखेवर कुणाचे आयुष्य टांगले जाईल असे मनातही येत नसे. आरोपीच्या वकिलांनी हाच मुद्दा धरला, की ही तारीख अंदाजाची आहे आणि मुलगी मोठी असू शकते. मग समितीने तिच्या ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदी मागवल्या, आणि सात आठवड्यांनी नोंद मिळाली. जन्म भाद्रपदातला होता, शाळेतल्या तारखेपेक्षा तीन महिन्यांनी पुढचा. म्हणजे ती शाळेच्या कागदावर होती त्याहूनही लहान होती. लग्नाच्या दिवशी तिला सोळावे पूर्ण झाले नव्हते.

त्याआधीच दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब झाला होता. नागरिक सुरक्षा संहितेच्या १८३ व्या कलमाखाली असा जबाब शक्यतो महिला दंडाधिकाऱ्यांनी घ्यायचा असतो, आणि इथे तसे झाले. मला शपथ देण्यात आली. मॅडमनी मुलीला पाणी दिले, इकडचेतिकडचे विचारले, मग मूळ प्रश्नावर आल्या. ती म्हणाली, “माझं लग्न लावलं.” मी इंग्रजीत सांगितले की तिचे लग्न दुसऱ्यांनी लावले. टंकलेखकाने टाइप केले, तिने लग्न केले. मी हात वर केला. मॅडमनी विचारले, काय फरक आहे? मी म्हटले, “मराठीत माणूस लग्न करतो, एखाद्याचे लग्न होते, आणि मोठी माणसे कुणाचे लग्न लावतात. तीनही वाक्ये वेगळी आहेत. पहिल्यात तिची इच्छा आहे, दुसऱ्यात ती गप्प आहे, तिसऱ्यात ती नाहीच.” मॅडमनी वाक्य खोडायला लावले. बालविवाह कायद्याच्या १२ व्या कलमात बळाने, फसवून किंवा विकून लावलेले अल्पवयीनाचे लग्न मुळातच निरर्थक ठरते. तिच्या तोंडचे ते एक क्रियापद त्या कलमाच्या भाषेशी तंतोतंत जुळत होते, आणि मी गप्प बसले असते तर ते कागदावरून पुसले गेले असते.

समितीने तिच्या जिल्ह्याकडून सामाजिक तपासणी अहवाल मागवला आणि तिला चुलत्याकडे न पाठवण्याचा आदेश दिला. या काळात तिला सर्वांत मोठी भीती होती ती गावी परत जाण्याची; तुरुंगातल्या माणसांची तेवढी नव्हती. गृहात कुणी पाहुणे आले की ती न्हाणीघरात जाऊन बसे. तिच्यासोबत कायद्याने नेमलेली आधार व्यक्ती म्हणून एक तरुण समाजसेविका होती, तिने महिनोन्महिने हे सांभाळले. मी आठवड्यातून एकदा जाई, आणि आम्ही नववीचे मराठी वाचत असू. भाषांतरकाराने एवढी जवळीक करावी का, असा प्रश्न मला एका वकिलांनी विचारला. तो रास्त होता. साक्षीचा दिवस ठरला तेव्हा मीच समितीला सांगितले की न्यायालयात दुसरा भाषांतरकार नेमावा. मी फक्त तिच्या विश्वासातली व्यक्ती म्हणून शेजारी बसेन.

साक्ष बाल न्यायालयात झाली, बंद दाराआड. मध्ये पडदा होता. तिला आरोपी दिसत नव्हते, आरोपींच्या वकिलांना ती दिसत होती. पोक्सोत वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत. प्रश्न न्यायाधीशांकडे जातो आणि ते तो मुलाला विचारतात. त्यामुळे प्रश्नातला धारदारपणा बराच गळून पडतो, तरी अर्थ पोहोचतोच. फोटो दाखवून विचारण्यात आले की लग्नाच्या फोटोत तू हसते आहेस, ते कसे? ती थोडा वेळ फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, “फोटो काढणारा म्हनला हास, नाहीतर परत काढावा लागंल. मला ते परत उभं राहायचं नव्हतं. म्हणून हसले.”

नवा भाषांतरकार चांगला होता, पण कुडाळकडचा, आणि तिच्या बोलण्याचा वेग त्याला झेपत नव्हता. न्यायाधीशांनी दोनदा थांबवून तिला पाणी दिले. पेडण्याची फुलवालीही साक्षीला आली होती. दिवसाची विक्री सोडून, भाड्याचे पैसे खर्चून, न्यायालयाबाहेरच्या बाकावर ती सकाळपासून बसली होती आणि मांडीवरच्या टोपलीत तिने सवयीने फुले आणलीच होती.

शेवटी लग्नाचा प्रश्न आला. ती म्हणाली तेच, त्याच शब्दांत. भाषांतरकाराने इंग्रजी वाक्य जुळवायला सुरुवात केली आणि अडखळला. मला बोलण्याचा अधिकार नव्हता. मी हात मांडीवर घट्ट धरून बसले. न्यायाधीश क्षणभर थांबले, लघुलेखकाकडे वळले आणि म्हणाले, “आधी तिचे वाक्य जसेच्या तसे मराठीत लिहा. मग खाली भाषांतर.” गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणीच्या बरोबरीने शासकीय कामासाठी मराठीचीही सोय आहे, पण त्या दालनात देवनागरीचा कळफलक सुरू करायलाच पाच-सात मिनिटे गेली. सगळे थांबले. ती पडद्याआडून विचारू लागली की काय झाले, माझे काही चुकले का.

पत्रक छापून आले, तेव्हा न्यायाधीशांनी ते तिच्यापुढे सरकवले आणि वाचून मग सही करायला सांगितले. इंग्रजी ओळींवरून बोट फिरवत ती देवनागरीच्या ओळीपाशी आली, अक्षर लावत ती मोठ्याने वाचली, आणि पेन उघडण्याआधी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “बाई, ‘लावलं’वर टिंब दिलंय.”